बॅटरी बदलण्याआधी: जुनी गाडी वारंवार दगा देते तेव्हा कुठे काय मोजायचं

अडीच वर्षांत तीन बॅटऱ्या, एकदा सेल्फचं (स्टार्टर मोटरचं) पूर्ण काम, आणि तरीही डिसेंबरातल्या सकाळी किल्ली फिरवली की तेच. घर्रर्र… घर्र… टक. बाबांनी २००७ साली घेतलेली आमची छोटी पेट्रोल गाडी पुण्यात पद्मावतीच्या सोसायटीत उभी असते. इंजिन अजून खणखणीत आहे, त्यामुळे ती विकायचा विचार मनात आला नाही. पण दर चार-सहा महिन्यांनी जंप स्टार्टसाठी शेजाऱ्यांचं दार वाजवायचं, हे किती दिवस चालणार?

प्रत्येक गॅरेजवाला म्हणायचा, “बॅटरी गेलीय.” आणि बॅटरी खरोखरच कमजोर झालेली असायची. ती का कमजोर झाली, हे मात्र कुणी पाहिलं नाही. शेवटी रास्ता पेठेतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी मला खडसावलं, “ताई, ताप आला म्हणून दरवेळी थर्मामीटर बदलता का?” त्यांनी मला मीटर कसा लावायचा ते शिकवलं. पुढे लिहिलंय ते त्यांच्याकडून शिकलेलं आणि नंतर स्वतः करून पाहिलेलं आहे.

आधी हाताशी काय हवं

एक डिजिटल मल्टिमीटर. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत साधा पण चांगला मीटर पाचशे-सातशे रुपयांत मिळतो. डीसी २० व्होल्ट, एसी व्होल्ट आणि १० अँपियरचं वेगळं सॉकेट एवढं त्यात असलं की पुरे. शिवाय टर्मिनलसाठी दहाचा पाना, पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, टॉर्च आणि किल्ली फिरवायला घरातलं कुणीतरी.

हातातल्या बांगड्या, अंगठी, धातूचं घड्याळ काढून ठेवा. पाना एका बाजूला पॉझिटिव्ह टर्मिनलला आणि दुसऱ्या बाजूला बॉडीला टेकला तर शेकडो अँपियर वाहतात आणि मध्ये अडकलेली अंगठी लालबुंद होते. ओढणी घट्ट बांधा, रेडिएटरचा पंखा कधीही आपोआप सुरू होऊ शकतो. चार्जिंग चालू असताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळपास ठिणगी किंवा विडी-सिगारेट नको. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. हँडब्रेक ओढलेला, गाडी न्यूट्रलमध्ये.

वही

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या गाडीचं निदान शेवटी वहीतल्या एका ओळीवरूनच झालं. गाडी अडली की तारीख लिहा. गाडी किती तास उभी होती, इंजिन गार होतं की गरम, पाऊस होता का, किल्ली फिरवल्यावर आवाज कसा आला, डॅशबोर्डचे दिवे मंद झाले का, आणि त्याआधीच्या आठवड्यात गाडीवर कुठलं काम झालं होतं. विचित्र वाटणारी बारीक गोष्टही सोडू नका. माझ्या वहीत होतं: “हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा थोडा वर जातो.” ते का, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

चार-पाच नोंदी झाल्या की नमुना दिसू लागतो. फक्त रात्रभर उभी राहिल्यावर अडते, तर बॅटरी किंवा कुठेतरी वीज गळतेय. खंबाटकी घाट चढून चहाला थांबल्यावर, म्हणजे गरम असतानाच अडते, तर सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला जाड करंट जोडून देणारा चुंबकी स्विच), क्रँकशाफ्ट सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा) किंवा केबलचा जोड. फक्त पावसात अडते, तर इग्निशनच्या वायरी, कॉइल, ओले कनेक्टर. काहीच नमुना नसेल तर बहुतेक वेळा कुठला तरी सैल जोड.

कानांनी निदान

हेडलाइट लावा आणि मग किल्ली फिरवा. कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवा.

काहीच होत नाही, दिवेही नाहीत: बॅटरी पूर्ण उतरलेली, टर्मिनल सुटलेलं किंवा मेन फ्यूज गेलेला.

‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज: सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा ओढला जातो. कारण कमजोर बॅटरी किंवा खराब जोड. सेल्फ उतरवायची घाई करू नका.

एकच जाड ‘टक’ आणि दिवे थोडेसेच मंद: सोलेनॉइडचे काँटॅक्ट जळालेले किंवा सेल्फचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेले. पान्याच्या दांड्याने सेल्फच्या बॉडीवर हलकेच ठोकल्यावर गाडी चालू झाली, तर कार्बन अडकतायत हे जवळपास नक्की. हा उपाय घरी पोहोचण्यापुरताच.

दिवे झगझगीत, ‘टक’ही नाही: करंट सोलेनॉइडपर्यंत पोहोचतच नाही. इग्निशन स्विच, रिले, त्या वाटेवरचा फ्यूज, काही गाड्यांत क्लचचा स्विच. किल्लीला वजनदार जुडगा लटकवून पंधरा वर्षं चालवलेल्या गाडीत स्विच झिजलेला असणं अगदी नेहमीचं. सेल्फच्या बारीक वायरवर किल्ली फिरवताना व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १०.५ आणि तिथे ८ असेल, तर चोर त्या वाटेवर आहे. सोलेनॉइडच्या वाटेत वेगळा रिले टाकून घेणं हा जुन्या गाड्यांसाठी चांगला आणि स्वस्त इलाज आहे.

सेल्फ नुसता ‘स्स्स’ करून फिरतो, इंजिन हलत नाही: बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनशी जोडणारा गिअर.

इंजिन जोमाने फिरतं पण पकडत नाही: बॅटरीला दोष देऊ नका, तो वेगळा भाग आहे, शेवटी येतो.

बॅटरी: तिची खरी अवस्था

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी किल्ली न लावता थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर मीटर लावा. टर्मिनलच्या क्लॅम्पवर नको. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. रात्रभर चार्जर लावूनही १०.५ च्या आसपास अडकली तर सहापैकी एक सेल मेलेला आहे, कारण प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा असतो. ती बॅटरी वाचवण्यात अर्थ नाही.

आता किल्ली फिरवत असताना तेच मोजा. आकडा १० च्या वर राहिला तर ठीक. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी आधी चार्ज करून पुन्हा तपासा, आणि तरी तसंच झालं तर ती दोषी. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या आम्लाची घनता, पाहा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी सेलमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक म्हणजे कमी असलेला सेल आजारी. पाणी भरायचं ते डिस्टिल्डच. नळाचं किंवा आरओचं नको.

पुण्यात बॅटऱ्या डिसेंबर-जानेवारीत मरतात, पण त्यांचा घात एप्रिल-मेमध्ये झालेला असतो. उन्हाळ्याच्या ३८-४० अंशांत पाणी उडतं, प्लेटा गंजतात. थंडीत तेल दाट होतं, बॅटरीची ताकद घटते आणि उन्हाळ्यात झालेली जखम तेव्हा दिसते. म्हणून दिवाळीआधी एकदा मोजून ठेवा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, सुकवा, खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चमकवा, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावू नका.

माझा चोर इथे सापडला: व्होल्टेज ड्रॉप

ही तपासणी फार कमी गॅरेजांत होते आणि ‘वारंवार’ या शब्दाचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं, म्हणून थोडं सविस्तर.

छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण शंभर ते दीडशे अँपियर खेचतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. एवढ्या करंटच्या वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा आला, तरी दीडशे अँपियरला दीड व्होल्ट तिथेच जळून जातो. साध्या मल्टिमीटरला ०.०१ ओहम दिसतच नाही. केबलची शंभर तारांतली एक तार शिल्लक असली तरी कंटिन्युइटीचा बझर वाजतो आणि इलेक्ट्रिशियन म्हणतो, “वायर चांगली आहे.” हे म्हणजे नळाला थेंब थेंब पाणी येतंय म्हणून पाइप मोकळा आहे असं म्हणण्यासारखं झालं. पाइप तपासायचा तर नळ पूर्ण सोडून बघायला हवं. केबलही करंट वाहत असतानाच तपासायची.

फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून ठेवा, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरा इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर. आता घरच्याला किल्ली फिरवायला सांगा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. मग पॉझिटिव्ह बाजू: एक प्रोब पॉझिटिव्ह खुंटावर, दुसरा सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर. इथे ०.५ च्या आत. हा बोल्ट कायम जिवंत असतो, तिथे पाना घसरू देऊ नका.

आकडा जास्त आला तर प्रोब टप्प्याटप्प्याने सरकवा. खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं टोक, टोक ते इंजिन. चांगल्या जोडावर ०.१ पेक्षा जास्त पडत नाही. जिथे आकडा उडी मारेल तिथेच बिघाड.

माझ्या गाडीत पॉझिटिव्ह बाजूला ०.३ होता, निगेटिव्हला तब्बल १.४. बॅटरीवर किल्ली फिरवताना १०.९ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठीक. पण त्यातले १.७ वाटेतच गेल्यावर सेल्फच्या वाट्याला उरले ९.२. निगेटिव्ह टर्मिनलवरून दोन वायरी निघत होत्या, एक बॉडीला आणि एक जाड गिअरबॉक्सला. जाड केबलचं गिअरबॉक्सकडचं टोक वरून व्यवस्थित दिसत होतं. इन्शुलेशन कापल्यावर आत तारांची हिरवी भुकटी निघाली, आणि बोल्टखाली गंज व तेलाचा थर. तीन वर्षांपूर्वी क्लचप्लेटचं काम करताना गिअरबॉक्स उतरवला होता. तेव्हा ती केबल साफ न करता परत आवळली गेली होती.

पण बॅटऱ्या का मरत होत्या? बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरलाही अर्थिंग इंजिनमधूनच मिळतं. त्याचा करंट परत येण्याची वाट तीच सडकी केबल. अल्टरनेटरवर मोजलं तर १४.१ व्होल्ट, आणि त्याच क्षणी हेडलाइट व एसीसह बॅटरीवर १३.४. स्वारगेटच्या सिग्नलांवर रखडत चालणाऱ्या गाडीत बॅटरी कधी पूर्ण भरतच नव्हती. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि वर्षभरात ती ‘जाते’. टेम्परेचरचा काटाही त्यामुळेच हलत होता. त्याच्या सेन्सरचं अर्थिंग इंजिनच्या बॉडीतून, डॅशबोर्डवरच्या काट्याचं गाडीच्या बॉडीतून, आणि दोघांमध्ये अर्ध्या व्होल्टचा फरक. काकांनी वहीतली ती ओळ वाचली आणि मीटर हातात घेण्याआधीच म्हणाले, “अर्थिंग बघू.”

अर्थिंग बिघडल्याच्या आणखी खुणा: इंडिकेटर लावला की दुसरेच दिवे लुकलुकतात, ब्रेक दाबला की टेप बंद होतो, सेल्फ मारल्यावर क्लच किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम लागते, कारण करंट तिच्यातून वाट काढतो.

चार्जिंग

इंजिन चालू, सगळं बंद: बॅटरीवर १३.८ ते १४.५ हवे. हेडलाइट, ब्लोअर, मागची काच गरम करणारा स्विच लावून इंजिन थोडं रेस करा, तरी १३.५ च्या वर टिकायला हवं. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, तो बॅटरी उकळवेल आणि बल्ब जाळेल. कमी असेल तर आधी बेल्ट बघा. पावसात सुरुवातीला किंचाळणारा बेल्ट घसरतोय. मग अल्टरनेटरचे कार्बन.

आता मीटर एसी व्होल्टवर करून इंजिन चालू असताना बॅटरीवर लावा. ०.५ पेक्षा जास्त दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) संशयित. असा डायोड रात्री उलट्या दिशेने बॅटरीही पितो.

एक कळकळीची विनंती. इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी दिसते, “बंद पडली तर डायनामो खराब.” हे कुणालाही करू देऊ नका. बॅटरी बाजूला झाली की व्होल्टेज क्षणात कितीतरी पट उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो. पाचशेच्या मीटरने जे कळतं त्यासाठी हजारोंचा ईसीयू पणाला लावायचं कारण नाही.

रात्री कोण पितंय?

“गाडी कमी चालवता म्हणून बॅटरी उतरते,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की हिशोबच मांडला. एकदा सेल्फ मारायला १५० अँपियर तीन सेकंद लागले, तर खर्च होतो ०.१२५ अँपियर-तास. तो काही मिनिटांत भरून निघतो. गाडी बंद असताना घड्याळ, ईसीयू वगैरेंना २० ते ५० मिलिअँपियर लागणं साहजिक. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपियर-तास. ३५ अँपियर-तासांची बॅटरी अर्धी व्हायला दोन आठवडे. म्हणजे गणपतीत कोकणात जाऊन पंधरा दिवसांनी आलात आणि जुनी बॅटरी कुरकुरली तर समजण्यासारखं आहे. दोन दिवसांत उतरत असेल तर नाही. डिकीतला ५ वॅटचा दिवा विझत नसेल तर तो ०.४ अँपियर खातो, दिवसाला दहा अँपियर-तास. तीन दिवसांत बॅटरी झोपली. डिकीत मोबाइलचा व्हिडिओ चालू ठेवून झाकण लावा आणि दिवा विझतो का बघा.

गळती मोजण्यासाठी किल्ली काढा, दरवाजाचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत करा म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. निगेटिव्ह टर्मिनल काढून मीटर १० अँपियरच्या सॉकेटमधून खुंट आणि केबलच्या मध्ये जोडा. या अवस्थेत किल्ली अजिबात फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. अर्धा तास थांबा, कारण गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स लगेच झोपत नाहीत. नंतरही आकडा ०.०५ पेक्षा बराच जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजने आकडा घसरला त्या सर्किटवर गळती. कुठल्याच फ्यूजने फरक पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा, आणि सेल्फचीही. काम झालं की प्रोब व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत लावा. विसरून पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला गेलात तर थेट शॉर्ट होईल.

जुन्या गाडीत गळती बहुधा नंतर बसवलेल्या गोष्टींत सापडते: म्युझिक सिस्टिम, सेंट्रल लॉक, ट्रॅकर, रिव्हर्स कॅमेरा, ज्यादा हॉर्न. वायर सोलून पीळ दिलेला आणि काळी टेप गुंडाळलेला जोड दिसला की तो आधी नीट सोल्डर करून घ्या.

पाणी आणि उंदीर

२५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आमच्या भागात गाड्या वाहून गेल्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं. अशा पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चालू होते, पण कार्पेटखालच्या कनेक्टरांत ओल राहते आणि महिन्या-वर्षांनी हिरवा गंज बोलू लागतो. जुनी गाडी विकत घेताना कार्पेट उचलून गाळ बघा, सीटच्या रुळांचा गंज बघा. आपलीच गाडी असेल तर सीटखालचे कनेक्टर एकेक उघडून काँटॅक्ट क्लीनर मारा.

पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात. कुरतडलेली वायर नुसती टेप लावून झाकू नका. तिच्या शेजारच्या वायरीही बोटांनी चाचपा.

सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही

किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद फ्युएल पंपाची गुणगुण यायला हवी. नाही आली तर फ्यूज, रिले, पंप. इम्मोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहिला तर दुसरी किल्ली वापरून बघा. गरम झाल्यावरच अडते आणि गार झाली की चालू होते, तर क्रँकशाफ्ट सेन्सर. सीएनजी बसवलेल्या गाडीला ठिणगी जास्त ताकदीची लागते, म्हणून तिथे झिजलेले स्पार्क प्लग आणि थकलेली कॉइल आधी जाणवतात. जुन्या डिझेलमध्ये, पिंपरीत तयार झालेल्या इंडिकासारख्या गाड्यांत, थंडीच्या सकाळी सिलिंडर आधी गरम करणारे ग्लो प्लग हवेतच. वायर सोडून प्रत्येक प्लग आणि इंजिन यांच्यामध्ये ओहम मोजा. एक-दोन ओहमच्या आसपास आला तर जिवंत, काहीच दाखवत नसेल तर मेलेला.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना

“गाडी चालू होत नाही” एवढंच सांगू नका. आकडे सांगा: सकाळी १२.५, सेल्फ मारताना १०.९, निगेटिव्ह बाजूला १.४ पडतोय. ऐकणारा माणूस बदलतो, हा माझा अनुभव आहे. नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला गेलात तर जुना पार्ट सोबत न्या. सेल्फ किंवा अल्टरनेटर पूर्ण बदलण्याआधी कार्बन, बुश आणि बेअरिंग बदलून चालेल का ते विचारा. काढलेले पार्ट परत मागा. केबल नवी टाकताना जुनीच्याच जाडीची किंवा त्याहून जाड घ्या, आणि बोल्टखालचा धातू चमकेपर्यंत घासून घ्या.

दुरुस्ती झाल्यावर त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा मोजा. नवी केबल बसवल्यावर माझ्या गाडीचा निगेटिव्ह ड्रॉप ०.०८ आला, आणि हेडलाइट-एसी लावून बॅटरीवर १४.०. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहिले आणि वही ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली. तिसरी बॅटरी मी बदलली नाही. चार्जरवर दोन रात्री ठेवून तीच परत बसवली, आणि यंदाच्या जानेवारीतल्या सकाळी तिचा आकडा होता १२.५.